घोळाणा आणि कैरी : उन्हाळ्यातील कोशिंबिरीचा एक पाठ

चैत्र लागला की आपल्या शाळा सकाळच्या भरू लागतात. मुले पहाटे उठतात, बहुधा नुसता कपभर चहा पितात आणि वर्गात येऊन बसतात. उन्हे चढली म्हणजे त्यांची अन्नावरील वासना उडते. शालेय भोजनाच्या वेळी ताटातील भात कसाबसा संपतो. भाजी मात्र ताटाच्या कडेला सारलेली दिसते. योजनेच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दररोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी मिळावयाची असते. ती शिजविली जाते, वाढलीही जाते. पोटात किती जाते, हे मात्र खरकट्याची बादली पाहिल्याखेरीज कळत नाही. शिक्षकबंधु-भगिनींनी एकदा ती बादली अवश्य पाहावी.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात लाल द्रव्य कमी असल्याचे आढळले. त्यांतील पुष्कळ मुले आज आपल्याच वर्गांत बसलेली आहेत. परिपाठाच्या वेळी चक्कर येऊन खाली बसणारी मुलगी, दहा वाजताच बाकावर डोके टेकणारा मुलगा, यांना आपण आळशी म्हणून मोकळे होतो. त्यांच्या पापणीची आतली कड एकदा पाहावी. ती पांढुरकी दिसल्यास अशा मुलास आरोग्य उपकेंद्रात दाखविणे हे पहिले काम. कोशिंबीर हे औषध नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. परंतु रोजच्या घासाबरोबर हिरवे पान व आंबट फळ पोटात जाऊ लागले, तर त्या औषधास साथ मिळते. आणि ती सवय लावणे हे आपल्या हाती आहे.

त्यासाठी परका पदार्थ शोधीत जाण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यात घोळाणा घराघरांत ठाऊक आहे. कोवळी मेथी, कांद्याची पात, करडईचा कोवळा पाला किंवा हरभऱ्याचे शेंडे बारीक चिरावयाचे, त्यांत शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ व वरून कच्चे तेल घालावयाचे, आणि हाताने घोळून ज्वारीच्या भाकरीबरोबर खावयाचे. शेतात गेलेली आई न्याहारीच्या वेळी धुऱ्यावर बसून जो करते, तोच हा पदार्थ. शहरातील उपाहारगृहांत ज्यास सॅलड म्हणतात, त्याचे तत्त्व याहून वेगळे नाही. त्या शब्दाचे मूळही लॅटिन भाषेतील मिठाच्या नावात आहे; मीठ लावलेला पाला, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

घोळाणा खरा थंडीतला. करडई आणि हरभरा उन्हाळ्यात नसतात. तथापि कळमनुरी तालुक्यात एप्रिलमध्ये कच्चे खाण्याजोगे पान मिळतच नाही, ही समजूत बरोबर नाही. विहिरीला किंवा कालव्याला पाणी असलेल्या शिवारांत कांद्याची पात आणि कोथिंबीर मिळते. सावलीत वाफा केल्यास मेथी लहान राहते, पण येते. पाण्याच्या दांडाच्या कडेला घोळ आपोआप उगवते. तिची जाडसर, रसाळ, किंचित आंबट पाने थोड्या प्रमाणात कच्ची खाता येतात. घोळ खुडताना देठ मोडून पाहावा. पांढरा चीक निघाला, तर ती घोळ नव्हे. तसेच दिसणारे दुसरे तण आहे, ते टाकून द्यावे. ही परीक्षा मुलांकडूनच करून घ्यावी. डोंगराकडील आंध वस्त्यांतील मुलांना रानातल्या भाज्यांची ओळख पुष्कळदा गुरुजींपेक्षा अधिक असते. त्या तासापुरते त्यांना पुढे बसवावे व आपण मागे बसावे. तांदुळजा व पालक मात्र शिजवूनच खावेत, असे माझे मत आहे.

फळांचे म्हणाल तर उन्हाळा हा कैरीचा काळ. लिंबू महाग असले तरी गावात असते. टरबूज व खरबूज नदीकाठच्या वाड्यांतून व बाजारातून येतात. आखाडा बाळापूरच्या बाजूस केळीच्या बागा आहेत. पपई तर कित्येक शाळांच्या आवारातच उभी असते आणि तिची फळे पाखरे खातात.

आता पानाबरोबर आंबट फळ का, हे शिक्षकाने स्वतः नीट समजून घेतले पाहिजे. हिरव्या पाल्यात लोह असते, हे आपण वर्गात सांगतो. परंतु वनस्पतीतील लोह मांसातील लोहाप्रमाणे शरीरास सहज मिळत नाही. त्यातील बराच भाग आला तसाच बाहेर जातो. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले, तर ते लोह शोषले जाण्यास मदत होते. कैरी, लिंबू, आवळा, पेरू यांत हे जीवनसत्त्व असते. उलट जेवणावर लगेच चहा घेतल्यास त्यातील तुरट द्रव्ये लोहास धरून ठेवतात आणि शरीरास मिळू देत नाहीत. आपल्या मुलांची सकाळ चहाने सुरू होते, म्हणून हे पालकसभेत मुद्दाम सांगावे. पाल्यातील पिवळसर रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. ते रंगद्रव्य स्निग्ध पदार्थाच्या सोबतीने शोषले जाते. आता घोळाण्याकडे पुन्हा पाहावे. त्यात शेंगदाण्याचा कूट आहे, कच्चे करडईचे तेल आहे. उणीव आहे ती आंबट फळाची. आणि ती भरून काढणारी कैरी उन्हाळ्यातच येते.

मुलांना गोष्ट हवी असल्यास जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातील वैद्याची सांगावी. १७४७ साली त्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला. कोणास समुद्राचे पाणी, कोणास शिर्का, आणि एका जोडीस संत्री व लिंबे. लिंबेवाले दोघे सर्वांत आधी बरे झाले. क जीवनसत्त्वाचे नाव तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. सहा जोड्या, सहा उपाय आणि एकच काटेकोर निरीक्षण, हा भाग मोठ्या वर्गांस विशेष आवडतो.

येथपर्यंत सर्व सोपे आहे. यापुढे जे सांगावयाचे आहे त्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

१९९४ च्या एप्रिलमधील गोष्ट. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. कळमनुरी तालुका परभणी जिल्ह्यात होता. मी नवीनच शिक्षक होतो. अध्यापक विद्यालयातून ताजे शिकून आलेलो, आणि उत्साह फार. चौथीच्या बावीस मुलांस घेऊन कैरी, कांद्याची पात व कोथिंबीर यांची कोशिंबीर करण्याचा पाठ मी योजला. त्या दिवशी शाळेस एक पाहुणे भेट देणार होते. पाठ त्यांच्या नजरेस पडावा, ही इच्छा मनात नव्हती असे म्हणणे खोटे होईल. गावातील एका घरून लग्नकार्यात वापरण्याची मोठी पितळी परात आणली. कैरी किसली, मीठ घातले, सर्व कालवून परात झाकून ठेवली. पाहुणे नऊला यावयाचे ते साडेअकराला आले. तोपर्यंत मुले भुकेली बसून होती व परात पत्र्याखाली तापत होती. पाहुण्यांनी एक घास घेतला, शाबासकी दिली आणि ते गेले. मग मुलांनी खाल्ले. अर्ध्या तासाच्या आत सात मुले ओकू लागली.

एका शेतकऱ्याच्या जीपमधून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. सायंकाळपर्यंत सर्व मुले हुशारीत आली, हे आमचे भाग्य. पण तो दिवस मी विसरलो नाही, आणि त्या मुलांच्या मातांचे चेहरेही विसरलो नाही. गावाने निष्कर्ष काढला की कच्चा पाला बाधला. पुढे कित्येक महिने शाळेत हिरवे पान आणण्यास कोणी तयार होईना. घरी मुलांस घोळाणा देणाऱ्या बायादेखील बिचकल्या. म्हणजे जे शिकवावयास गेलो, त्याच्या उलट शिकवून बसलो.

खरे कारण सांगितले ते परात परत न्यावयास आलेल्या आजीबाईंनी. त्यांनी परात उन्हात तिरपी धरली, बोटाने तळ पुसला आणि म्हणाल्या, “गुर्जी, पाल्याला कशाला बोल लावता? भांडं कळकलंय. ह्याची कल्हई कवाच उडालीय.” परातीच्या तळाशी हिरवट छटा आली होती. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ त्यात राहिला की त्यातील आम्ल तांबे विरघळवून घेते, आणि असे तांबे पोटात गेल्यास ओकारी होते. म्हणूनच आपले पूर्वज पितळी भांड्यास नवसागर लावून आतून कथलाचा पातळ थर देत. ‘कळकणे’ हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता. धातूंवरील आम्लाची क्रिया मी वर्गात फळ्यावर लिहीत होतो. या दोन्हींचा संबंध मात्र त्या आजीबाईंनी लावून दिला. अडीच तास उन्हात राहिल्याने जंतूही वाढले असतील. परंतु ओकारी इतक्या लवकर सुरू झाली, यावरून मुख्य दोष भांड्याचाच असावा असे वाटते. भांडे माझे नव्हते, पण निवड माझी होती. आणि वाट पाहावयाची, हेही मीच ठरविले होते.

यास्तव माझी पहिली विनंती अशी की हा पाठ कोणाच्या भेटीसाठी घेऊ नये. आजकाल छायाचित्र काढून लगेच वर पाठविण्याची घाई असते. छायाचित्र अवश्य काढावे, पण मुलांचे घास थांबवून नव्हे. कोशिंबीर झाली की पंधरा-वीस मिनिटांत ती मुलांच्या पोटात गेली पाहिजे. अधिकारी उशिरा आल्यास त्यांना रिकामे पातेले दाखवावे. मी स्वतः गेलो तरी हाच नियम.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. चाळीस मुलांस प्रत्येकी अर्धी वाटी मिळावी, या बेताने साहित्य घ्यावे : मेथीच्या दोन जुड्या, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, कोथिंबिरीची एक जुडी, मध्यम आकाराच्या चार कैऱ्या, सहा काकड्या, भाजलेल्या शेंगदाण्यांचा ४०० ग्रॅम कूट, १०० मिलीलिटर तेल, मीठ, चवीपुरता गूळ. दर मुलास कूट किती ग्रॅम, तेल किती मिलीलिटर, हे गणित चौथीच्या मुलांनी करावे. जुडी आणल्यावर वजन करावे, निवडल्यावर पुन्हा करावे. दोन वजनांतील फरक मुलांस चकित करतो, आणि वजाबाकीस विषय मिळतो. शेंगदाणे न सोसणारे मूल एखादेच असते, पण आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी.

पालेभाजी खरेदी करताना ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे विचारावे. नाल्याच्या सांडपाण्यावरील पाला कितीही टवटवीत असला तरी कच्चा खाण्यास घेऊ नये.

धुणे हा या पाठाचा गाभा आहे. आधी हात. साबण लावून, नखे पाहून, वाहत्या पाण्याखाली. मग पाला. येथे बहुतेक घरांत एक चूक होते, ती अशी की भाजी आधी चिरतात व मग धुतात. असे केल्याने पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे धुवून जातात आणि चिरलेल्या कडांतून घाण आत शिरते. म्हणून निवडणे, धुणे, निथळणे व सर्वांत शेवटी चिरणे, हाच क्रम. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, हलवावा व क्षणभर सोडावा. माती व वाळू तळाशी बसते. नंतर पाला वरून उचलून घ्यावा. पातेले कलते करून पाणी ओतू नये. तसे केल्यास तळची वाळू पुन्हा पाल्यावरच येते. मुलांना दोन्ही रीती करून दाखवाव्यात आणि कोणत्या पाल्यात वाळू राहिली, हे त्यांनाच बोटाने तपासू द्यावे. दुसऱ्या पाण्यासही हीच रीत. तिसरे पाणी मात्र उकळून निवविलेले किंवा क्लोरीनने शुद्ध केलेलेच हवे. मिठाच्या पाण्यात भाजी ठेवली की सर्व जंतू मरतात, असे पुष्कळ जण सांगतात. त्यावर विसंबू नये. फळेही अखंड असतानाच धुवावीत. टरबुजाची साल आपण खात नाही, म्हणून ते न धुता कापतात. सुरी सालीवरील माती थेट आतल्या लाल गरात नेते.

येथे आपल्या भागातील अडचण मी विसरलेलो नाही. ज्या गावी एप्रिलमध्ये टँकरवर रांग लागते, तेथे तीन पाण्यांची भाषा करणे म्हणजे थट्टाच. अशा शाळांनी कच्च्या पाल्याचा आग्रह धरू नये. भाजी शिजवूनच द्यावी आणि ताटात वाढल्यावर वरून कैरीचा कीस किंवा लिंबाची फोड द्यावी. सोलून खाण्याची फळे घ्यावीत. पाणी अपुरे असताना अर्धवट धुतलेला पाला देण्यापेक्षा हे शंभरपटींनी चांगले. जेथे पाणी आहे, तेथेही पहिली दोन पाणी गटारात न टाकता बादलीत साठवावीत. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

कामाची वाटणी वयाप्रमाणे असावी. पहिली-दुसरीच्या मुलांनी पाने खुडावीत, शेंगा फोडाव्यात. तिसरी-चौथीच्या मुलांनी भाजलेल्या शेंगदाण्यांची साले पाखडावीत, काकडी सोलावी. किसणीवर मोठी मुले, तीही शिक्षकाच्या देखरेखीखाली. विळीवर स्वयंपाकी ताई किंवा शिक्षिका. निवडणे मुलींनी व खाणे मुलांनी, ही वाटणी मात्र चालू देऊ नये. तसेच कोणाच्या हातचे कोणी खावे, हा प्रश्न वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच राहिला पाहिजे. गट पाडताना शिक्षकाने याचा विचार आधीच करून ठेवावा आणि त्याविषयी मोठ्याने काही बोलू नये. बोलल्याने काम बिघडते.

पाला चिरून झाला की एक लहानसा प्रयोग. दोन वाट्यांत सारखीच काकडी व पाला घ्यावा. एकीत लगेच मीठ कालवावे, दुसरीत घालू नये. दहा मिनिटे दुसरे काम करून मग पाहावे. मीठ घातलेल्या वाटीत पाणी सुटलेले असते, पाला मरगळलेला असतो. दुसरी वाटी ताजी दिसते. पेशींतील पाणी बाहेरच्या खारट द्रवाकडे ओढले जाते. मोठ्या वर्गांस यास परासरण म्हणतात असे सांगावे. लहानांना ‘मिठाने पाणी ओढले’ एवढे पुरे. यावरून मीठ अगदी शेवटी का घालावयाचे, हे मुले आपणहून सांगतात. माझ्या अनुभवात हा प्रश्न कधी वाया गेलेला नाही. पाणी सुटलेली वाटी टाकू नये. तीही तेव्हाच वाटून खाऊन टाकावी.

मग स्टीलच्या मोठ्या पातेल्यात पाला, काकडी व कैरीचा कीस एकत्र करावा. कूट, गूळ व तेल घालून हलक्या हाताने घोळावे. पाने चुरू नयेत. सर्व ताटे मांडून झाली, मुले पंगतीस बसली, की मीठ घालावे व वाढावयास घ्यावे. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम या पाठापुरते स्वयंपाकघरातच राहू द्यावे. कैरीऐवजी लिंबू चालते. मेथीचा कडवटपणा काही मुलांस आवडत नाही. अशा वेळी मेथी निम्मी करून काकडी वाढवावी. पहिल्या दिवशी मुलाने एकच घास घेतला तरी आग्रह करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तेच मूल पुन्हा वाटी पुढे करते.

आठवड्यातून एखाद्या दिवशी फळांची कोशिंबीर करावी. टरबुजाच्या फोडी, पिकलेल्या पपईच्या फोडी, लिंबाचा रस, चिरलेला पुदिना व किंचित मीठ. उन्हाने मलूल झालेल्या मुलांस ही फार रुचते. बाजारातून कापलेले टरबूज कधीही आणू नये. अखंड आणून शाळेत कापावे. टरबुजाची हिरवी साल काढल्यावर लाल गराच्या बाहेर जो पांढरा भाग राहतो, तो किसून दही व कुटाबरोबर चांगली कोशिंबीर होते. आपण तो गुरांपुढे टाकतो. गुरांची त्याला हरकत नसते, पण मुलांचा घास आधी.

उरलेली कोशिंबीर घरी बांधून देऊ नये. आईची आठवण येऊन मुले मागतात, आणि नाही म्हणणे जड जाते. तथापि चिरलेला पाला व कापलेले फळ दप्तरातून दुपारच्या उन्हात जाणे धोक्याचे आहे. त्याऐवजी कृती वहीत लिहून द्यावी. चौथीची मुले ती सुवाच्य अक्षरात लिहितात, आणि पुष्कळ घरांत आईला ती वाचून दाखविण्याचा मान त्यांनाच मिळतो.

आता बादलीत साठविलेल्या पाण्याविषयी. भिंतीच्या पूर्वेस किंवा निंबाच्या सावलीत दोन हात लांबीचा वाफा करावा. एका भागात मेथी पेरावी. ती चार-पाच दिवसांत वर येते. दुसऱ्यात धने पेरावेत, पण आधी हलक्या हाताने रगडून प्रत्येक धण्याचे दोन भाग करावेत, कारण एका धण्यात दोन बिया असतात. धने उगवण्यास मेथीपेक्षा उशीर लागतो आणि मुलांचा धीर सुटतो. म्हणून दोन्ही एकाच दिवशी पेरावीत, म्हणजे मेथी पाहत पाहत धण्यांची वाट पाहता येते. भाजी धुतलेले पाणी सायंकाळी द्यावे. सकाळच्या शाळेत सायंकाळी कोण येणार, हा प्रश्न उरतो. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावाव्यात व त्यांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत. मेथी वीतभर झाली की मुळासकट न उपटता वरून खुडावी. ओल राहिल्यास तोच वाफा पुन्हा फुटतो, आणि सुट्टी लागण्यापूर्वी दुसरा घोळाणा होतो.